लोड घेऊ नको यार!

गेल्या सेमिस्टरमध्ये आपल्या कॉलेजात मॉक इंटरव्ह्यू झाले. खऱ्या कंपन्या यायच्या आधी खोट्या कंपनीसमोर घाम गाळायचा कार्यक्रम. टाय रूममेटचा, बूट सीनिअरचे, आणि इंग्रजी स्वतःचं. समोर बसलेल्या सरांनी विचारलं, कामाचा ताण आला तर काय कराल? मी छाती फुगवून उत्तर दिलं, ‘‘सर, आय कॅन टेक एनी लोड!’’

सरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘‘हाऊ मेनी किलोवॅट?’’

पूर्ण खोली हसली. मीपण हसलो, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. पण रात्री होस्टेलच्या गच्चीवर बसून विचार केला, आपण चुकलो कुठे? ‘टेक’ बरोबर. ‘एनी’ बरोबर. ‘लोड’ बरोबर. ग्रामरमध्ये कुठे खोट नाही. मग हसले कशाला? रूममेट म्हणाला, ‘‘अबे, कायले लोड घेतोस!’’ आणि तिथेच माझी ट्यूब पेटली. मी इंटरव्ह्यूमध्ये हेच वाक्य इंग्रजीचे कपडे घालून बोललो होतो. ‘लोड घेणे’ हे मराठी आहे राव. त्यातला एक शब्द इंग्रजीतून आला म्हणून वाक्य इंग्रजी होत नाही.

नंतर शोधलं तर कळलं की इंग्रजीत ‘टेक लोड’ चालतं, पण ते बीमला, खांबाला नाहीतर जनरेटरला. बीम लोड घेतो. जनरेटर सिंक्रोनाइझ झाला की लोड घेतो. माणूस मात्र कामाच्या बाबतीत ‘प्रेशर हॅन्डल’ करतो, ‘वर्कलोड मॅनेज’ करतो, जबाबदारी असेल तर ‘टेक ऑन’ करतो. म्हणजे मी त्या दिवशी सरांसमोर स्वतःला जनरेटर म्हणून सादर केलं होतं. किलोवॅट विचारले ते योग्यच होतं म्हणा!

ही झाली हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. पण ह्याच शब्दाने मला एकदा असं काही करायला लावलं आहे की त्यावर हसू येत नाही. आजपर्यंत हे मी कॉलेजात कोणाला सांगितलेलं नाही.

आमचं गाव तिरोड्यापासून थोडं आत. सगळा धानाचा पट्टा. पावसाळी धान तर सगळेच घेतात, पण ज्याच्याकडे विहीर आणि मोटर आहे तो उन्हाळी धानही लावतो. आमच्या मोठेबाबांच्या विहिरीवर पाच एचपीची मोनोब्लॉक मोटर आहे. मी बारावीची परीक्षा देऊन घरी आलो तेव्हा बांध्यांमध्ये उन्हाळी धान निसवायला आला होता. ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लोंबी बाहेर पडायच्या वेळी धानाला पाणी कमी पडलं तर दाणा भरत नाही, पोचट राहतो. त्या पंधरा-वीस दिवसांत शेतकरी लग्नालाही जात नाही.

नेमक्या त्याच वेळी जुना स्टार्टर गेला. मोठेबाबांनी तिरोड्याहून नवीन आणला. डब्यात एक घडी केलेला कागद, इंग्रजीत. मोठेबाबा म्हणाले, ‘‘तू बारावी सायन्सवाला नं बाप्पा? पाय बरं का लिवलं हाये त्याच्यात.’’

मी पाहिलं. कागदावर लिहिलं होतं की रिले मोटरच्या ‘फुल लोड करंट’वर सेट करा. मला ‘फुल’ माहीत, ‘लोड’ माहीत, ‘करंट’ तर कोणालाही माहीत. फुल म्हणजे पूर्ण, लोड म्हणजे ओझं, करंट म्हणजे करंट. स्टार्टरच्या आत एक लहानसं बटण होतं, त्याच्याभोवती ६ ते १० आकडे. मी म्हटलं, ‘‘मोठेबाबा, फुलवर ठेवायला सांगितलं आहे.’’ मोठेबाबांनी स्क्रू ड्रायव्हरने बटण फिरवलं आणि १० वर ठेवलं. पंख्याचा रेग्युलेटर फुलवर ठेवतात तसं.

इलेक्ट्रिकलवाल्यांना पुढचं सांगायची गरज नाही, बाकी ब्रँचसाठी सांगतो. ‘फुल लोड करंट’ हे तीन शब्द नाहीत, एकच वस्तू आहे. मोटर तिच्या ठरलेल्या ताकदीने काम करत असताना जेवढा करंट ओढते तेवढा आकडा. पाच एचपीच्या थ्री फेज मोटरला तो साधारण साडेसात अँपिअर असतो, आणि मोटरच्या पाटीवर लिहिलेला असतो. रिलेचं काम एवढंच की करंट त्याच्या वर गेला आणि तसाच राहिला तर मोटर बंद करायची. आमचा रिले १० वर होता. उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की इंडक्शन मोटर तेवढंच पाणी उचलण्यासाठी जास्त करंट ओढते. साडेआठ, नऊ, साडेनऊ. रिले म्हणाला, माझी हद्द १० आहे, मला काय करायचं? आठव्या का नवव्या दिवशी पहाटे मोटर जळली. वायंडिंगचा तो वास ज्याने घेतला तो विसरत नाही.

रिवायंडिंगला गर्दी होती, सहा दिवस लागले. शेजाऱ्याने दोन रात्री आपलं पाणी सोडलं म्हणून काही बांध्या वाचल्या. बाकीच्यांत एकरी चार-पाच पोती धान कमी झाला. घरात सगळ्यांनी व्होल्टेजला शिव्या दिल्या. मीपण दिल्या.

सेकंड इयरला मशीन्सच्या लॅबमध्ये पहिल्यांदा स्टार्टर उघडून दाखवला. लॅब असिस्टंट काकांनी मोटरची पाटी वाचली, आकडा पाहिला आणि बटण त्या आकड्यावर ठेवलं. मी ते बघत उभा राहिलो. मला एकदम उन्हाळ्यातली ती पहाट आठवली, आणि तो वास.

आता बोला, मला इंग्रजी येत नव्हतं का? आमच्या वेळी पहिलीपासून इंग्रजी होतं. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालं, त्याआधीच्या पिढीला ते पाचवीत भेटायचं. म्हणजे बारा वर्षं मी इंग्रजी शिकलो. वहीचे दोन भाग, मधे रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. लोड म्हणजे ओझे. पाच मार्कांचा प्रश्न, पैकी पाच. शब्दाला एक अर्थ असतो आणि तो त्याच्या समोरच्या कॉलममध्ये राहतो, असं आपल्याला शिकवलेलं आहे. पण शब्द एकटा राहत नाही. तो कोणाबरोबर फिरतो ते पाहिलं पाहिजे. आपल्या गावात नाही का, पोरगा कसा आहे ते त्याचे दोस्त पाहून ठरवतात. तसंच.

लोडचेच दोस्त पाहा. ‘पीक लोड’ म्हणजे संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे, टीव्ही, कुलर एकदम लागतात तेव्हाची मागणी. ‘बेस लोड’ म्हणजे रात्री सगळे झोपले तरी जी राहतेच ती. ‘कनेक्टेड लोड’ म्हणजे तुमच्याकडे जोडलेल्या सगळ्या उपकरणांची बेरीज, मग ती चालू असोत नसोत. ‘सँक्शन्ड लोड’ म्हणजे बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो तो. ह्यात कुठेच ओझं नाही. ‘वर्कलोड’मध्ये काम आहे. ‘व्हायरल लोड’ हा शब्द कोरोनात २०२० मध्ये आपल्या आजीलाही पाठ झाला, त्यात विषाणूंची संख्या आहे. ‘लोड डिस्पॅच सेंटर’ हे ऐकून मला वाटायचं की तिथून ट्रक सुटत असतील. राज्याचं असं केंद्र कळव्याला आहे, तिथे कोणती वीज किती तयार करायची आणि कुठे किती पाठवायची याचा मेळ मिनिटामिनिटाला घालतात. ट्रकचा काही संबंध नाही.

आणि ‘नो लोड’! व्हायवातला सगळ्यात आवडता प्रश्न, डीसी सिरीज मोटर नो लोडवर का सुरू करू नये? उत्तर पाठ असतं की स्पीड धोकादायक होईल इतका वाढतो. पण माझा एक मित्र ‘ऑन नो लोड’च्या जागी ‘विदाउट loड’ म्हणावं की ‘विथ नो लोड’ यातच इतका अडकला की त्याला येणारं उत्तरही आलं नाही. ‘ऑन’ कुठून आला? कोणत्याही डिक्शनरीच्या उजव्या कॉलममध्ये तो सापडणार नाही. तो शब्दाच्या शेजारी राहतो.

आपल्या भागाच्या सगळ्यात ओळखीचा जोडशब्द अजून राहिलाच. लोड शेडिंग! ज्यांचं बालपण विदर्भाच्या खेड्यात गेलं त्यांना हा शब्द आईच्या दुधासोबत मिळालेला आहे. खरं तर आमच्याकडे कोणी तो बोलत नाही, ‘लाइन गेली’ म्हणतात. (लाइन ह्या शब्दाचे इतर अर्थ होस्टेलवाल्यांना सांगायला नको.) पेपरात मात्र ‘भारनियमन’. आता हे तिन्ही शब्द एकाच अंधाराचे, पण तिघांची गोष्ट वेगळी आहे.

इंग्रजीतलं ‘शेड’ हे क्रियापद मोठं मजेदार. झाड पानं शेड करतं, साप कातडी शेड करतो, माणूस अश्रू शेड करतो, सैनिक रक्त शेड करतो, जिममधला पोरगा वजन शेड करतो, आणि ट्रक उलटला की तो आपला लोड शेड करतो. क्रियापद एकच. आता मराठीत बघा. पानं गळतात, साप कात टाकतो, अश्रू ढाळतात, रक्त सांडतात, वजन घटवतात. ट्रकचा माल रस्त्यावर पडतो. एका ‘शेड’ला आपल्याकडे सहा क्रियापदं, आणि अदलाबदल चालत नाही. सापाने कात ढाळली म्हणून पाहा, लोक तुमच्याकडे बघतील. मग लोड शेडिंग म्हणजे काय? ग्रिड आपल्या अंगावरचा काही भाग झाडाच्या पानासारखा झटकून टाकते. वीज तयार होते त्यापेक्षा मागणी जास्त झाली की ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी खाली येऊ लागते. ती फार खाली गेली तर सगळंच कोसळेल, म्हणून थोडं कापून बाकीचं वाचवायचं. नाही वाचलं तर काय होतं ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला देशाने पाहिलं. पहिल्या दिवशी उत्तरेची ग्रिड गेली, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही.

म्हणजे इंग्रजी शब्द प्रामाणिक आहे. तो सांगतो की कोणालातरी टाकून दिलं आहे. ‘भारनियमन’ म्हटलं की वाटतं कोणीतरी चष्मा लावून, फाइल उघडून, छान नियम करत बसलं आहे. कोणाला टाकलं ते त्या शब्दात दिसत नाही. मला विचाराल तर मराठीतला खरा शब्द ‘लाइन गेली’ हाच. त्यात निदान काहीतरी गेलं हे कबूल आहे. दक्षिण आफ्रिकेतही २००८ च्या सुमारास हेच संकट आलं, त्यांनी इंग्रजी शब्द तसाच ठेवला आणि रोजच्या बोलण्यात घेतला. आपण सरकारी कागदासाठी एक शब्द केला, घरासाठी दुसरा.

तिरोड्याच्या माणसाला ह्यातली एक गंमत, गंमत म्हणा किंवा काहीही म्हणा, रोज दिसते. आमच्या शेतातून त्या मोठ्या चिमण्या दिसतात. कोळशावर चालणारा ३,३०० मेगावॅटचा वीज प्रकल्प, ६६० मेगावॅटचे पाच संच, पहिला २०१२ मध्ये सुरू झाला आणि पाचवा २०१४ मध्ये. तिथून ७६५ केव्हीची लाइन कोराडी, अकोला करत थेट औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाते. लहानपणी आम्हाला वाटायचं, एवढं सगळं शेजारीच शिजतं आहे तर आपल्या ताटात का पडत नाही? पॉवर सिस्टिम शिकल्यावर कळलं की वीज विहिरीच्या पाण्यासारखी शेजाऱ्याला बादलीने देता येत नाही. ७६५ केव्ही ते आमचा ४१५ व्होल्टचा खांब यांच्यामध्ये सबस्टेशनं, फीडर, ट्रान्सफॉर्मर आणि करार असतात. समजलं. पण मोठेबाबांना हे समजावून सांगताना माझ्याकडे शब्दच नव्हते. ‘लोड सेंटर’ला मराठीत काय म्हणू? ‘भार केंद्र’ म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, धानाचा काटा का?

बरं, मराठी शब्द तरी एकटे राहतात का? मुळीच नाही. झोप गाढ असते, धुकं दाट असतं, दही घट्ट असतं. एखाद्या परदेशी माणसाने ‘मला दाट झोप लागली’ म्हटलं तर आपल्याला कळेल, पण हसू येईल. अगदी किलोवॅटवाल्या सरांसारखं. ‘कडक’ घ्या. चहा कडक, इस्त्री कडक, ऊन कडक, शिस्त कडक, नोटही कडक. पाच ठिकाणी पाच अर्थ. ‘खाणे’ घ्या. मार खातो, हवा खातो, पैसे खातो, भाव खातो, डोकं खातो, आणि ह्यातलं एकही जेवण नाही. हे आपल्याला कोणी वहीत रेघ मारून शिकवलं नाही. जोडीनेच कानावर पडलं आणि जोडीनेच बसलं.

आणि ‘भार’! इंग्रजीतला लोडही भार, आणि ऑफिसातला चार्जही पदभार. आमच्या फिजिक्सच्या पुस्तकात विजेचा चार्ज मात्र ‘प्रभार’. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कोणाची तरी बदली झाली आहे.

सगळ्यात कहर म्हणजे मराठीत एक अस्सल ‘लोड’ आहेच. बैठकीतला, तक्क्यासोबतचा, कापसाचा गोल लांब. आमचे आजोबा संध्याकाळी त्याला टेकून पान खायचे. इंग्रजांचा लोड खांद्यावर बसतो, आपला लोड पाठीला आधार देतो! तेव्हा ‘लोड घेऊ नको’ ऐकून आजोबा एकदा खरंच रागावले होते. म्हणाले, का घेऊ नको, माझ्या घरचा आहे.

शब्द सोबतीवरून ओळखावा ही काही माझी अक्कल नाही. हॅरोल्ड पामर नावाचे एक इंग्रज शिक्षक टोकियोत जपानी मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या कामावर होते. मुलांना ग्रामर येतं, शब्द येतात, तरी वाक्य विचित्र का होतं, हा त्यांचाही प्रश्न होता. त्यांनी इंग्रजीत कायम एकत्र येणाऱ्या शब्दांचा अहवाल १९३३ मध्ये छापला. पुढे १९५० च्या दशकात जे. आर. फर्थ यांनी ह्या सोबतीलाच अर्थाचा भाग मानलं. बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने कॉम्प्युटरवर लाखो वाक्यं टाकून कोण कोणाबरोबर येतो ते मोजलं आणि १९८७ मध्ये कोबिल्ड नावाची डिक्शनरी काढली. ऑक्सफर्डने तर २००२ मध्ये फक्त जोड्यांचीच डिक्शनरी काढली, तिच्यात शब्दांचे सोबती दिलेले असतात. हे सगळं होऊन इतकी वर्षं झाली, आणि आपण अजून उजव्या कॉलमवर अडून बसलेलो आहोत.

आता आपल्याकडे प्लेसमेंटच्या नावाखाली काय चालतं ते पाहा. ट्रेनिंगवाले येतात, जाडजूड वर्डलिस्टची झेरॉक्स देतात. तीन हजार शब्द, एकेक अगडबंब. कंपनीत जाऊन आयुष्यात एकदाही वापरायचा नाही असा शब्द पाठ केला म्हणून पोरं एकमेकांना टाळ्या देतात. आणि ज्या लोड, चार्ज, फील्ड, पॉवर, कॉन्टॅक्ट या शब्दांवर आपली भाकरी आहे, ते आपल्याला येतात असं आपण धरून चालतो. मी म्हणतो, ती झेरॉक्स भेळवाल्याला द्या. अवघड शब्द आला नाही तर माणूस डिक्शनरी उघडतो. सोपा शब्द येतो असं वाटलं की उघडत नाही, आणि मोटर जळते.

माझा इंग्लिश मीडियमचा एक दोस्त म्हणतो, हे सगळं फालतू आहे. गेटच्या पेपरात फॉर्म्युला विचारतात, ‘ऑन’ की ‘विथ’ विचारत नाहीत. आणि आता मोबाईल आहे ना, फोटो काढ, भाषांतर घे. त्याच्या बोलण्यात दम आहे. मी त्या स्टार्टरच्या कागदाचं वाक्य परवा मोबाईलला दिलं, त्याने बरंच बरोबर सांगितलं. पण गंमत बघा, तो मोबाईल का चुकला नाही? कारण त्याच्यातला प्रोग्रॅम शब्दांचे दोन कॉलम पाठ करून शिकलेला नाही. अफाट मजकुरात कोणता शब्द कोणाच्या शेजारी येतो ते पाहूनच तो अर्थ धरतो. म्हणजे मशीन फर्थ साहेबांच्या पद्धतीने शिकलं आणि माणसाची पोरं अजून रेघ मारून शिकत आहेत! आणि दोस्ता, बांधीच्या धुऱ्यावर उभं असताना समोर कागद नसतो, मोठेबाबा असतात. त्यांना विचारायचं असतं ते ते मोबाईलला विचारत नाहीत, तुला विचारतात.

सिव्हिलवाल्यांचं तर विचारूच नका. त्यांच्याकडे ‘डेड लोड’ आणि ‘लाइव्ह लोड’. माझ्या सिव्हिलच्या मित्राने फर्स्ट इयरला डेड लोडचं भाषांतर ‘मृत भार’ केलं आणि लाइव्ह लोडमध्ये फक्त माणसं आणि गायी-म्हशी धरल्या. कपाट, पलंग, धानाची पोती कशात घालायची हे त्याला कळेना, कारण पोती जिवंत नाहीत! डेड लोड म्हणजे इमारतीचं स्वतःचं वजन, स्लॅब, भिंती, जे हलत नाही. लाइव्ह म्हणजे येणारं-जाणारं, त्यात पोतीही आली. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाला म्हणूनच ‘इम्पोज्ड लोड’ असं नाव आहे, आणि राहत्या खोलीला तो प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन धरतात. घराच्या खोलीत धानाची थप्पी लावायची असेल तर हा आकडा पुरत नाही. शब्द नीट कळला नाही तर हे सुचणारच नाही. त्यांच्याच आयएस ४५६ मध्ये ‘लोड कॉम्बिनेशन’ असतं, डेड आणि लाइव्ह दोघांना दीडने गुणून एकत्र धरतात. एकेकटा लोड धरून कोणी बिल्डिंग डिझाइन करत नाही. शब्द मात्र आपण एकेकटेच धरतो.

काही जण म्हणतील, मग इंजिनिअरिंगच मराठीतून करा, भांडण मिटलं. २०२१ पासून देशात काही कॉलेजांत प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग सुरू झालं, पिंपरी-चिंचवडला मराठीतूनही. चांगलंच आहे, मी विरोधात नाही. पण स्टार्टरच्या डब्यातला कागद इंग्रजीच राहणार. आणि मराठीतही ‘पूर्ण भार प्रवाह’ असं छापलं असतं तर बारावीतल्या मला काय कळलं असतं? मी बटण १० वरच ठेवलं असतं. त्या कागदावर ‘मोटरच्या पाटीवरचा अँपिअरचा आकडा बघा, तिथे बटण ठेवा’ एवढं असतं तर आमचा धान वाचला असता.

सरांना माझी एक विनंती आहे. व्हायवात ‘डिफाइन लोड’ विचारू नका. ‘लोडच्या आधी आणि नंतर काय काय येतं ते सांग आणि प्रत्येक ठिकाणी काय मोजतात ते सांग’ असं विचारा. आणि उत्तर मराठीतून आलं तर मार्क कापू नका. मी स्वतः ह्या सेमिस्टरपासून जर्नलच्या शेवटच्या पानावर जोड्या लिहायला लागलो आहे. लोड वाढतो, पडतो, शेअर होतो, शिफ्ट होतो, मोटर ‘अंडर लोड’ चालते, लोड ‘थ्रो ऑफ’ होतो. ‘थ्रो’ का, आणि ‘शेड’ का नाही, हे शोधता शोधता मला गव्हर्नर समजला. शेड आपण ठरवून करतो, थ्रो ऑफ अचानक होतो आणि टर्बाइन पळायला लागतं. इंग्रजीच्या नादात पॉवर सिस्टिमचा एक चॅप्टर झाला!

आणि ‘लोड घेऊ नको’ बद्दल मला अजिबात लाज नाही. इंटरव्ह्यूत बोलणार नाही एवढंच. गच्चीवर तेच बोलणार.

राहता राहिली मोठेबाबांची गोष्ट. दिवाळीत घरी गेलो तेव्हा सांगून टाकलं. रात्री जेवणं झाल्यावर अंगणात बसलो होतो. म्हटलं, मोठेबाबा, ती मोटर व्होल्टेजने नाही जळली, माझ्यामुळे जळली. त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘‘मंग त्या फुलचा अर्थ का होता?’’ मी अर्धा तास समजावलं. अंगणात काडीने मोटर काढून दाखवली, पाटी काढली, साडेसात लिहिलं. ते उठले, टॉर्च घेतली, म्हणाले चाल. विहिरीवर जाऊन स्टार्टरचा डबा उघडला. बटण अजून १० वरच होतं. नवीन वायंडिंगची मोटर दोन वर्षं तशीच नशिबाने चालत होती. मी पाटी पुसून आकडा वाचला आणि बटण साडेसातवर आणलं. मोठेबाबांनी तिथे खुणेसाठी ठाकूरघरातलं कुंकू लावलं.

चार महिन्यांनी, उन्हाळी धानाचं पाणी सुरू असताना, लेक्चरमध्ये फोन वाजला. बाहेर येऊन उचलला. मोठेबाबा वैतागून बोलत होते, ‘‘अगा, सकारपासून तीनदा मोटर बंद पडली. तुया आधीचाच अर्थ बरा होता!’’ मी म्हटलं, मोठेबाबा, बटणाला हात लावू नका, आधी मीटरवर व्होल्टेज किती दाखवते ते वाचून सांगा.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल